अ‍ॅपच्या बाजाराला दुसरं दार हवं का?

शुक्रवार, १ मार्च २०२४. त्या दिवशी अँड्रॉइड फोनवरच्या प्ले स्टोअरमध्ये ‘भारत मॅट्रिमनी’ शोधलं तर ते सापडेना. ‘शादी डॉट कॉम’ नाही, ‘नोकरी’ नाही, घर शोधायचं ‘९९एकर्स’ही नाही. ज्यांच्या फोनमध्ये ही अ‍ॅप्स आधीपासून होती त्यांची चालू राहिली, पण नव्या माणसाला ती मिळायची नेहमीची वाट बंद झाली होती. गूगलचं म्हणणं असं की दहा भारतीय कंपन्या आमच्या स्टोअरचा फायदा घेतात, पण ठरलेलं शुल्क भरत नाहीत. दुसऱ्या दिवशी केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी अशी अ‍ॅप्स काढून टाकणं खपवून घेणार नाही असं सांगितलं, मग बैठका झाल्या आणि मंगळवारपर्यंत अ‍ॅप्स परतीच्या वाटेला लागली.

चार-पाच दिवसांचा मामला. तरी मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण एरवी न दिसणारी गोष्ट त्या दिवसांत लखलखीत दिसली. या देशात शंभरातले साधारण पंच्याण्णव फोन अँड्रॉइडवर चालतात आणि त्यांतल्या बहुतेकांसाठी अ‍ॅप मिळण्याचं दार एकच आहे. त्या दारावर कोण उभं राहणार, किती घेणार, कुणाला आत सोडणार, हे एक कंपनी ठरवते. आयफोनवाल्यांना तर आपल्याकडे दुसरं दार काढायची सोयच नाही.

हे दार इतरांना खुलं करावं का, यावर गेली पाच-सहा वर्षं युरोप, अमेरिका, कोरिया, जपान आणि भारतात खटले आणि कायदे चालू आहेत. बातम्या तुकड्यातुकड्यांनी येतात, दंडाचे आकडे मोठे असतात, पण मुद्दा काय ते कळत नाही. तो इथे जरा बैजवार मांडतो.

बाजार समिती आणि अ‍ॅपचं दुकान

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही हा विषय समजायला अवघड नाही, कारण बाजार समितीत आपण तो जगलो आहोत. महाराष्ट्रात १९६३चा कृषी उत्पन्न पणन कायदा आला तो चांगल्या हेतूनं. त्याआधी व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे, मापात मारायचे, पैसे बुडवायचे. समिती आली, उघड लिलाव आला, काटा तपासला जाऊ लागला, परवाना असलेला आडत्या आला. पण त्याबरोबर एक अट आली: माल विकायचा तर या आवारातच. हळूहळू जी व्यवस्था शेतकऱ्याला वाचवायला उभी राहिली, तीच त्याच्याकडून आडत, हमाली, तोलाई कापून घेणारं एकमेव दार झाली. शेवटी २०१६ साली राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला नियमनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. व्यापाऱ्यांनी संप केला, आठवत असेल.

अ‍ॅप स्टोअरचा प्रवास थेट असाच आहे. २००८च्या आधी मोबाईलवर काही विकायचं तर टेलिकॉम कंपनीच्या दारात उभं राहावं लागे. कॉलर ट्यून, एसएमएसवरचं भविष्य, क्रिकेटचा स्कोअर, यांचे पैसे ग्राहक भरायचा आणि त्यातला अर्ध्याहून मोठा वाटा टेलिकॉम कंपनी ठेवायची. जुलै २००८मध्ये अ‍ॅपलनं ५०० अ‍ॅप्सचं दुकान उघडलं आणि सांगितलं: शंभरातले सत्तर तुमचे, तीस आमचे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलचं अँड्रॉइड मार्केट आलं, २०१२मध्ये त्याचं नाव गूगल प्ले झालं. अ‍ॅप बनवणाऱ्यांना तेव्हा हा सौदा वरदान वाटला आणि तो तसा होताही. एका खोलीत बसून दोघा मुलांनी केलेलं अ‍ॅप जगभर जाऊ लागलं. हे श्रेय या कंपन्यांकडून काढून घेता येत नाही, आणि मी घेणारही नाही.

पण सतरा-अठरा वर्षांनी प्रश्न वेगळा झाला आहे. तेव्हा फोन ही हौस होती. आज बँक, रेशन, शाळा, पीकविमा, लग्न, सगळं त्यातून जातं, आणि दाराचा नियम मात्र ज्याचं दार तोच लिहितो.

कमिशन कुणाला लागतं?

इथे एक मोठा गैरसमज आहे. प्रत्येक अ‍ॅपला तीस टक्के द्यावे लागतात असं अनेकांना वाटतं. तसं नाही. फोनवरून भाजी मागवा, रिक्षा बोलवा, एसटीचं आरक्षण करा, त्यातलं काहीही स्टोअरकडे जात नाही. हातात येणारी वस्तू किंवा प्रत्यक्षात मिळणारी सेवा कमिशनमधून वगळलेली आहे. जाहिरातींवर चालणारी फुकट अ‍ॅप्सही सुटतात. गूगलच्याच सांगण्याप्रमाणे भारतातल्या दोन लाखांहून जास्त अ‍ॅपकर्त्यांपैकी शंभरातल्या तिघांनाच शुल्क लागतं.

ते तिघं कोण? जे फोनच्या आतच वापरायची वस्तू फोनच्या आतच विकतात. गेममधली नाणी, ऑनलाइन शिकवणी, ई-पुस्तक, श्राव्य कथा, स्थळं पाहण्याचं सशुल्क सदस्यत्व. मूळ दर तीस टक्के. २०२१पासून वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत कमाई असलेल्यांना पंधरा, आणि गूगलनं २०२२पासून सदस्यत्वाच्या वर्गणीवर सगळ्यांनाच पंधरा केला.

तीन टक्के लोकांचा प्रश्न म्हणजे किरकोळच, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. मराठीत पुढच्या वीस वर्षांत लेखक, शिक्षक, नाटकवाले वाचकांकडून थेट पैसे घेऊन जगणार असतील, तर ते याच तिघांत येणार आहेत. आज आपली बहुतेक मराठी अ‍ॅप्स जाहिरातींवर चालतात: पंचांग, आरत्या, पाककृती, आणि दर दोन ओळींनंतर एक चमकणारी जाहिरात. अ‍ॅप जाहिरातींवर जाण्याची कारणं अनेक आहेत, पण थेट विकायला गेलं की पंधरा रुपये आधीच दारात ठेवावे लागतात, हे त्यांतलं एक आहे.

आता शंभर रुपयांचा हिशेब करू. एका श्राव्य कथांच्या अ‍ॅपची महिन्याची वर्गणी १०० रुपये. प्ले स्टोअरच्या पद्धतीनं भरली तर पंधरा रुपये गूगलचे. तीच वर्गणी वेबसाइटवर यूपीआयनं भरली तर? २०२०पासून यूपीआयवर व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे बँकांचा व्यवहारामागचा कट, लागत नाही. मधल्या पेमेंट कंपनीचे एक-दोन रुपये गेले तर गेले. अमेरिकेत कार्डावरच व्यवहार होतात आणि तिथे दोन-तीन टक्के तसेही जातात. आपल्याकडे पैसे पोचवायचा खर्च जवळजवळ शून्यावर आलेला असताना पंधरा रुपये जास्तच टोचतात.

गूगल आणि अ‍ॅपलचं उत्तर असं की हे शुल्क पैसे पोचवायचं नाहीच. स्टोअर चालवणं, अ‍ॅप तपासणं, अपडेट पोचवणं, अ‍ॅप बनवायची साधनं पुरवणं, सुरक्षा सांभाळणं, याचा तो मोबदला आहे. उत्तर खोटं नाही. पण मग रिक्षाच्या किंवा भाजीच्या अ‍ॅपचं साधन, तपासणी, अपडेट फुकट कसं? खर्च सगळ्यांचा सारखा आणि वसुली मात्र ठरावीक प्रकारच्या विक्रीवर, तेव्हा ती सेवेची किंमत कमी आणि दाराचा टोल जास्त वाटते.

आणि हा टोल शेवटी कोण भरतं, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा खुद्द गूगलनं दिला आहे. यूट्यूब प्रीमियमचं सदस्यत्व आयफोनच्या अ‍ॅपमधून घेतलं तर ते वेबसाइटपेक्षा महाग पडतं. अ‍ॅपलच्या दारात गूगल हा माल घेऊन आलेला शेतकरी आहे, आणि तिथे तो आडत गिऱ्हाइकाच्या बिलात घालतो.

‘दार उघडणं’ म्हणजे नेमकं काय

बातम्यांमध्ये तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात. पहिली, दुकान तेच पण पैसे भरायची पद्धत आपल्या पसंतीची. दुसरी, अ‍ॅपमध्ये ‘आमच्या वेबसाइटवर स्वस्त मिळेल’ एवढं लिहायची परवानगी. ही परवानगी अ‍ॅपलनं वर्षानुवर्षं दिली नव्हती, म्हणून आयफोनवरच्या किंडलमध्ये पुस्तक वाचता यायचं पण विकत घेता यायचं नाही. तिसरी, दुसरं दुकानच फोनवर उघडणं.

चौथी गोष्ट या तिन्हींत येत नाही, पण भीती सगळी तिचीच असते: दुकान वगैरे काही नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी पाठवलेली एपीके फाईल. एपीके म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपचं बांधलेलं गाठोडं. प्ले स्टोअरही आतून अ‍ॅप अशाच स्वरूपात बसवतं, फक्त आपल्याला ते दिसत नाही.

ही भीती खरी आहे. माझ्या मावशीला गेल्या लग्नसराईत ओळखीच्या नंबरावरून ‘लग्नपत्रिका’ आली. नावापुढे एपीके ही तीन अक्षरं होती. तिनं दाबलं, फोननं इशारा दिला, तिला वाटलं पत्रिका मोठी असेल, तिनं ‘हो’ म्हटलं. मग एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. मुलगा शेजारीच होता म्हणून त्यानं लगेच फोन विमानात लावतात तसा बंद करून टाकला, बँकेला कळवलं, आणि पैसे वाचले. आरटीओचं चलन, पीएम किसानचा हप्ता, वीजबिल, यांच्या नावानं अशी गाठोडी महाराष्ट्रभर फिरत आहेत. आत बसलेलं अ‍ॅप येणारे ओटीपी गुपचूप चोराकडे पाठवतं. (असं झालंच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. पहिले काही तास फार मोलाचे असतात.)

इंटरनेटवरून थेट बसवलेल्या अ‍ॅप्समध्ये प्ले स्टोअरच्या तुलनेत पन्नासपटीहून जास्त घातक अ‍ॅप्स आढळतात, असं गूगलनं २०२५मध्ये सांगितलं. आकडा त्यांचा आहे आणि त्यांच्या सोयीचा आहे, तरी दिशा बरोबर आहे असंच मी मानतो. पण तो आकडा उघड्या गाठोड्यांचा आहे. नोंदणी असलेलं, तपासणी करणारं, पत्ता असलेलं दुसरं दुकान आणि अनोळखी नंबरावरून आलेली फाईल यांना एकाच तागडीत घालणं म्हणजे परवानाधारक खासगी बाजार आणि रस्त्यात ट्रक अडवणारा भामटा यांना एकच म्हणणं.

कुलपं चार आहेत

फोन सुरक्षित कशामुळे राहतो, हे एकदा नीट पाहिलं की निम्मा वाद मिटतो.

पहिलं कुलूप खोलीचं. प्रत्येक अ‍ॅप फोनमध्ये आपल्या बंद खोलीत राहतं. भिंती फोनची मूळ प्रणाली बांधते. गेमच्या अ‍ॅपला बँकेच्या अ‍ॅपच्या खोलीत डोकावता येत नाही, मग तो गेम कुठूनही आलेला असो.

दुसरं परवानगीचं. कॅमेरा, माइक, एसएमएस, संपर्क, प्रत्येकासाठी विचारावं लागतं. मावशी इथे चुकली. हे कुलूप दुकान नाही, प्रणालीच सांभाळते. भारतात गूगलनं २०२४च्या शेवटी एक प्रयोग आणला: ब्राउझर किंवा मेसेजमधून आलेलं गाठोडं एसएमएस वाचणं, स्क्रीनवर ताबा मिळवणं अशा धोकादायक परवानग्या मागत असेल, तर ते बसवूच द्यायचं नाही. उत्तम पाऊल. आणि यासाठी एकमेव दुकान असायची गरज पडली नाही, हे लक्षात घ्या.

तिसरं सहीचं. प्रत्येक अ‍ॅपवर बनवणाऱ्याची गणिती सही असते. जुन्या अ‍ॅपवर अपडेट चढवायचं तर सही तीच हवी. त्यामुळे बनावट अपडेट तुमच्या खऱ्या बँक अ‍ॅपवर चढूच शकत नाही.

चौथं कुलूप दुकानाच्या तपासणीचं. दुकान बदललं तर हे एकच बदलतं, बाकीची तीन जिथल्या तिथे राहतात.

आणि हे चौथं कुलूप किती भक्कम आहे, तेही बघू. करोनानंतर कर्ज देणाऱ्या बोगस अ‍ॅप्सनी आपल्याकडे केवढा धुमाकूळ घातला! संपर्कयादी चोरायची, नातेवाइकांना अश्लील फोटो पाठवायच्या धमक्या द्यायच्या, आणि लोकांनी त्यापायी जीव दिले. त्यांतली कितीतरी अ‍ॅप्स प्ले स्टोअरवर होती. सरकारनं संसदेत सांगितल्याप्रमाणे एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात गूगलनं तिथली २,५००हून जास्त कर्ज अ‍ॅप्स काढली, आणि सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३मध्ये आणखी २,२००. काढली हे चांगलं झालं, पण ती आत आली होती ती याच दारातून. मक्तेदारी असली की तपासणी आपोआप चोख होते, असं मानायला मला आधार सापडत नाही.

अ‍ॅपलच्या घरातलंच दुसरं उदाहरण घ्या. मॅक संगणकावर तुम्ही कुठल्याही वेबसाइटवरून प्रोग्रॅम उतरवू शकता. त्या प्रोग्रॅमवर अ‍ॅपलची तपासणीची मोहोर लागते, पण कमिशन लागत नाही. म्हणजे तपासणी आणि वसुली वेगळ्या करता येतात, हे त्याच कंपनीनं करून दाखवलं आहे. न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगतो: एपिक या गेम कंपनीनं भरलेल्या खटल्यात २०२१ साली अ‍ॅपलचे वरिष्ठ अधिकारी क्रेग फेडेरिगी यांनी साक्ष दिली की मॅकवरचं घातक प्रोग्रॅमचं प्रमाण आम्हाला मान्य होण्याजोगं नाही. मोकळेपणाला किंमत पडते, एवढं त्यातून निश्चित घ्यावं.

ज्यांनी दार उघडलं त्यांचं काय झालं

भांडणाला तोंड फुटलं १३ ऑगस्ट २०२० रोजी. ‘फोर्टनाइट’ या गेमच्या मालकांनी, एपिक गेम्सनी, ९.९९ डॉलरची गेममधली नाणी थेट आमच्याकडून ७.९९ला घ्या, असं अ‍ॅपमध्येच लिहिलं. त्याच दिवशी अ‍ॅपल आणि गूगल दोघांनीही गेम काढून टाकला आणि एपिकनं दोघांवर खटले भरले. अ‍ॅपलविरुद्ध एपिक बहुतेक मुद्द्यांवर हरलं, पण बाहेरच्या दुव्यांना मनाई करता येणार नाही, असं न्यायालयानं २०२१मध्ये सांगितलं. अ‍ॅपलनं परवानगी दिली, आणि त्या दुव्यावरून झालेल्या खरेदीवरही सत्तावीस टक्के लावले! ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी अ‍ॅपलनं आदेश मोडला असा निकाल दिला.

दक्षिण कोरियानं २०२१मध्येच जगात पहिला कायदा करून दुसऱ्या पेमेंट पद्धतीला वाट दिली. कंपन्यांनी वाट दिली आणि कमिशन चारच टक्क्यांनी कमी केलं. पेमेंट कंपनीचे पैसे धरले की वाचलं काय?

युरोपची गोष्ट जास्त बोलकी आहे. तिथला डिजिटल मार्केट्स कायदा मार्च २०२४पासून अ‍ॅपलला लागू झाला आणि आयफोनवर पहिल्यांदाच दुसरी दुकानं आली. एप्रिलमध्ये ‘ऑल्टस्टोअर पाल’ आलं, ऑगस्टमध्ये एपिकचं. दार उघडलं खरं, पण उंबरठा कमरेइतका बांधून. दुसऱ्या दुकानात जाणाऱ्या अ‍ॅपला सुरुवातीच्या नियमानुसार पहिल्या दहा लाखांनंतर वर्षातल्या प्रत्येक नव्या बसवणुकीला अर्धा युरो. एखादं फुकट अ‍ॅप लोकांना आवडलं आणि वीस लाख जणांनी घेतलं, तर बनवणाऱ्यानं एक रुपया न कमावता वर्षाला पाच लाख युरो भरायचे. शिवाय दुकान बसवताना इशाऱ्यांचे पडदे एकामागून एक. आयफोनवर पंधरा पायऱ्या, अँड्रॉइडवर बारा, असं एपिकनं तेव्हा मोजून सांगितलं होतं. एप्रिल २०२५मध्ये युरोपीय आयोगानं अ‍ॅपलला ५० कोटी युरोंचा दंड केला, तोही मुख्यतः बाहेरच्या सवलतींची माहिती देऊ न दिल्याबद्दल.

चीन याच्या उलट टोकाला आहे. तिथे गूगल प्ले नाही. हुआवेई, शाओमी, ओप्पो, विवो, टेन्सेंट, प्रत्येकाचं दुकान. मग कमिशन कोसळलं असेल? तिथे अँड्रॉइडवरच्या गेमसाठी पन्नास टक्क्यांपर्यंत घेतात. कारण ज्याचा फोन त्याचं दुकान आधीच बसवलेलं, आणि गिऱ्हाईक तेच वापरतं. दुकानं अनेक झाली, पण प्रत्येक फोनपुरती मक्तेदारी तशीच राहिली. दार उघडा म्हणणाऱ्या आम्हा लोकांनी चीनचं उदाहरण विसरू नये. नुसती पाट्यांची संख्या वाढवून काही होत नाही. त्याच फोनवर, तेवढ्याच सहज, दुसऱ्या दुकानात जाता आलं पाहिजे.

आपल्याकडे

भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२मध्ये पाच दिवसांच्या अंतरानं गूगलला दोन दंड केले: अँड्रॉइडवरच्या वर्चस्वासाठी १,३३७.७६ कोटी आणि प्ले स्टोअरच्या पेमेंट सक्तीसाठी ९३६.४४ कोटी. दुसऱ्या आदेशात आयोगानं एक टोकदार गोष्ट नोंदवली. सगळ्यांना सक्ती असलेली ही पेमेंट पद्धत गूगलच्या स्वतःच्या यूट्यूबला लागू नव्हती. जो काटा सांभाळतो त्याचाच माल काट्याशिवाय विकला जात होता.

दंडांचे आकडे मथळ्यात आले, पण माझ्या मते महत्त्वाचं ते मागे पडलं. पहिल्या आदेशात आयोगानं सांगितलं होतं की इतर अ‍ॅप दुकानांना प्ले स्टोअरमध्येच जागा द्या, आणि बाहेरून अ‍ॅप बसवण्यात अडथळे आणू नका. २९ मार्च २०२३ रोजी अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला आणि चार निर्देश रद्द केले, त्यांत हे दोन्ही होते. पैसे भरा, दार मात्र तसंच ठेवा, असा त्याचा व्यवहारातला अर्थ झाला. पेमेंट प्रकरणातला दंड पुढे मार्च २०२५मध्ये २१६.६९ कोटींवर आला. आता दोन्ही प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात आहेत. गंमत बघा, अमेरिकेत न्यायाधीश जेम्स डोनाटो यांनी ऑक्टोबर २०२४मध्ये, प्ले स्टोअरमध्ये इतर दुकानांना जागा द्या, हाच आदेश दिला आणि जुलै २०२५मध्ये तो अपिलात टिकला. नंतर दोन्ही बाजूंनी तडजोडीचा प्रस्ताव मांडला, ते वेगळं. पण आयोगानं इथे हे दोन वर्षं आधी सांगितलं होतं.

दरम्यान गूगलनं भारतात दुसरी पेमेंट पद्धत वापरायची मुभा दिली, चार टक्के सूट देऊन. पंधराचे अकरा, तीसचे सव्वीस. कोरियाचाच कित्ता.

दुसरं दुकान उघडायचा मोठा भारतीय प्रयत्न म्हणजे फोनपेचं ‘इंडस अ‍ॅपस्टोअर’. त्याची मुळं मुंबईत आहेत. आयआयटी मुंबईच्या तरुणांनी प्रादेशिक भाषांतला फोन बनवायचा म्हणून इंडस ओएस सुरू केलं, पुढे फोनपेनं ते घेतलं, आणि २१ फेब्रुवारी २०२४ला, म्हणजे त्या शुक्रवारच्या जेमतेम दहा दिवस आधी, हे दुकान सुरू झालं. इंग्रजीशिवाय मराठीसह बारा भारतीय भाषा, दोन लाखांहून जास्त अ‍ॅप्स, आणि पेमेंट कुठलंही वापरा, आमचं कमिशन नाही. मला यातली भाषेची बाजू कमिशनइतकीच मोलाची वाटते. ‘शेतीचा हिशेब’ असं मराठीत बोलून शोधलं आणि मराठीत उत्तर आलं, तर ज्यानं इंग्रजीत कधी काही शोधलेलंच नाही त्याला पहिल्यांदा दुकानात प्रवेश मिळतो. एकुलत्या एका दुकानाला हे करायची घाई नसते.

पण हे दुकान प्ले स्टोअरवर नाही. ज्याच्या फोनमध्ये ते आधीच बसवलेलं नाही त्यानं ते वेबसाइटवरून उतरवायचं, म्हणजे मावशीनं केलं तेच करायचं: गाठोडं, इशारा, ‘अनोळखी अ‍ॅप्सना परवानगी द्या’. शहाण्या माणसाला आपण रोज सांगतो की असा इशारा आला तर थांब. चांगल्या दुकानाला आणि चोराला एकच इशारा मिळतो, आणि त्यामुळे इशाऱ्याचं वजनही जातं.

मग माझं मत काय

उघडावं. पण तपासणी आणि वसुली यांची गाठ आधी सोडवावी.

आज जो अ‍ॅप तपासतो तोच कमिशन घेतो आणि तोच त्या अ‍ॅपशी स्पर्धाही करतो. सुरक्षिततेचं नाव घेतलं की वसुलीवर प्रश्न विचारता येत नाही. म्हणून बनवणाऱ्याची ओळख, सही, घातक परवानग्यांवरची नजर ही कामं प्रणालीनं प्रत्येक अ‍ॅपसाठी सारखीच करावीत, दुकान कुणाचंही असो. आणि दुकानांनी विक्रीवर, दरावर, भाषेवर, सेवेवर आपसांत लढावं.

यातही एक खाच आहे. गूगलनं जाहीर केलं आहे की सप्टेंबर २०२६पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, आणि नंतर सगळीकडे, बाहेरून अ‍ॅप देणाऱ्यालाही आपली ओळख गूगलकडे नोंदवावी लागेल. मावशीच्या बाजूनं पाहिलं तर मला हे हवंच आहे. पण २०१०पासून मुक्त, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा, अ‍ॅप्सचं दुकान चालवणारं ‘एफ-ड्रॉइड’ म्हणतं की मग जगातल्या प्रत्येक अ‍ॅपकर्त्याची वही एकाच कंपनीच्या हातात जाईल. हे म्हणणंही उडवून लावता येत नाही. ऑक्टोबर २०१९मध्ये हाँगकाँगच्या आंदोलकांना पोलीस कुठे आहेत ते दाखवणारं नकाशाचं अ‍ॅप अ‍ॅपलनं काढून टाकलं तेव्हा आयफोनवाल्यांना ते अ‍ॅप मिळायला दुसरी जागा नव्हती. दार एक असलं की कुठल्याही सरकारला एकाच ठिकाणी फोन करून भागतं. ओळख नोंदवावी, पण ती वही गूगलऐवजी स्वतंत्र यंत्रणेकडे असावी. दुकानाची वेबसाइट खरी की खोटी हे ओळखायला आपण अशीच वेगळी प्रमाणपत्रं वापरतो.

द्राक्ष बागायतदारांना विचारलं तर ते या मुद्द्याची दुसरी बाजू सांगतील. नाशिक भागात समितीबाहेर बांधावर येऊन चांगला भाव देणारे परप्रांतीय व्यापारी आले, आणि त्यांतले काही माल उचलून पैसे न देता पसार झाले. त्यावर बागायतदारांनी मागणी केली ती व्यापाऱ्याची नोंदणी असावी, अनामत असावी, पोलिसांत माहिती असावी, अशी. सगळं पुन्हा आवारात कोंबा, असं फारसं कुणी म्हटलं नाही.

फोनच्या बाबतीत तशी नोंदणी आणि अनामत कायद्यानं आणता आली असती. जयंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीनं डिसेंबर २०२२मध्ये त्यासाठी वेगळा डिजिटल स्पर्धा कायदा करा असं सांगितलं, मार्च २०२४मध्ये मसुदाही आला, आणि मग तो मागे पडला. जपाननं याच काळात जून २०२४ला कायदा केला आणि डिसेंबर २०२५पासून तो पूर्ण लागूही केला. त्यात दुसऱ्या दुकानांना वाट आहे आणि सुरक्षेसाठी, मुलांच्या संरक्षणासाठी तपासणीची सवलतही आहे. आपला मसुदा जेव्हा पुन्हा टेबलावर येईल तेव्हा दंड किती टक्के याआधी त्यात दोन कलमं शोधा: नोंदणीकृत दुकान प्ले स्टोअरमधून, एका बटणावर, चोराचा इशारा न दाखवता बसवता येईल का, आणि तपासणीचा नकार आला तर अ‍ॅपकर्त्याला त्या कंपनीबाहेर कुणाकडे, किती दिवसांत दाद मागता येईल. १ मार्चच्या शुक्रवारनंतर मोठ्या कंपन्यांसाठी मंत्री धावून आले. सांगलीत किंवा अकोल्यात बसून दोघांनी बनवलेलं अ‍ॅप एखाद्या शुक्रवारी गायब झालं, तर त्यांच्याकडे आज फक्त एक ऑनलाइन फॉर्म आहे.